तेल कशानं तापतंय?

पंपांच्या कारखान्यात तिचं टेबल दारापाशीच होतं. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक दांडा, प्रत्येक झाकण त्या टेबलावरून जायचं, आणि ते पुढे जायचं की भंगारात, हे ती ठरवायची. बावीस वर्षं झाली होती. केसाहून बारीक चूकही तिच्या हातून सुटत नसे. लेथवरचे कारागीर तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की नकारघंटा. तिला ते माहीत होतं. कोण कोण म्हणतं तेही माहीत होतं, आणि जे म्हणत नाहीत त्यांच्यावर तिचा जरा जास्तच डोळा होता.

घरीही तेच. लग्न झालं होतं, ते तीन वर्षं टिकलं. नवरा तसा वाईट नव्हता. उशिरा आला की कारण सांगायचा, आणि ताई त्या कारणातल्या वेळा मनातल्या मनात जुळवून बघायची. "तुझ्यापुढे खरं बोलतानाही घाम फुटतो," असं म्हणून तो एका सकाळी निघून गेला. खरं बोलताना घाम कशाला फुटेल, हे कोडं तिला पुढे कितीतरी वर्षं सुटलं नाही.

जिथे तिचा संशय थांबायचा असा माणूस जगात एकच, तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ही सतरा. त्याच्या दप्तराचे तुटलेले बंद शिवण्यापासून त्याला गिअर टाकायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता तो आठवडाभर बेकरीच्या मालाची गाडी चालवायचा आणि रविवारी शर्यतीची. शर्यतीची गाडी म्हणजे काय, तर एक माणूस पाय लांब करून कसाबसा मावेल एवढी नळ्यांची चौकट, चार चाकं आणि पाठीमागे मोटरसायकलचं लिटरभराचं इंजिन. गाडी धाकटा चालवायचा, पण इंजिन ताईचं. घराच्या बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं ते स्वतःच्या हातानं बांधलं होतं. त्यातला एकेक बोल्ट किती घट्ट आहे हे ती झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू शकली असती.

हंगामातल्या पहिल्या दोन शर्यती नीट गेल्या. तिसरीपासून तेल तापायला लागलं.

गाडीत तेलाच्या तापमानाचा एक गोल काटेवाला मापक होता. त्याला एक जादा लाल काटा होता, तो जिथवर चढेल तिथेच अडकून राहायचा. शर्यत संपल्यावर ताई आधी त्या काट्याकडे बघायची, मग भावाकडे. एरवी तो एकशेबारा अंशांवर असायचा. त्या दिवशी एकशेबेचाळीसवर होता. तेल एकशेदहाच्या आसपास असलं की इंजिन खूश असतं. एकशेतीसच्या वर गेलं की ते पाण्यासारखं पातळ होतं, दाब उतरतो, आणि इंजिनाचा दांडा ज्या बेअरिंगांवर फिरतो तिथला तेलाचा पापुद्रा फाटतो. मग धातूवर धातू.

"काही जाणवलं तुला?" तिनं विचारलं.

"नाही गं. मस्त पळत होती," धाकटा हेल्मेट काढत म्हणाला. खरंच मस्त पळत होती. तो तिसरा आला होता. एवढा पुढे तो पूर्वी कधीच आला नव्हता.

ताईनं एकेकाला संशयितांच्या रांगेत उभं केलं. पहिला नंबर तेलवाल्याचा. भेसळ असणार, म्हणून दुसऱ्या दुकानातून सीलबंद डबा आणला आणि आणण्याआधी सील दोनदा बघितलं. चौथ्या शर्यतीत काटा एकशेअडतीस. मग मापकच खोटं बोलत असेल, म्हणून त्याचा संवेदक काढून चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात धरला. काट्यानं नव्व्याण्णव दाखवलं. बिचारा खरं बोलत होता. मग तेल जास्त भरलं गेलं असेल आणि दांडा ते घुसळून तापवत असेल, म्हणून गाडी सपाट फरशीवर घेऊन पातळी मोजली. ती बरोबर होती. ठिणगीची वेळ तपासली, तीही बरोबर निघाली. तशी ती वैतागली, कारण सगळंच बरोबर असतं तेव्हा कुणीतरी काहीतरी लपवत असतं, असा तिचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

पाचव्या शर्यतीआधी तिनं कुणालाही न सांगता, वाऱ्यानं तेल गार करणाऱ्या ऑइल कूलरच्या दोन्ही नळ्यांवर उष्णतेच्या पट्ट्या चिकटवल्या. कारखान्यात भट्टीजवळ वापरतात तसल्या. त्यांच्यावर बारीक ठिपके असतात, ठरावीक तापमानाला एकेक ठिपका काळा पडतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. शर्यतीनंतर तिनं खाली वाकून बघितलं. तेल कूलरमध्ये शिरतं तिथल्या पट्टीवर एकशेअडतीसपर्यंतचे ठिपके काळे होते. बाहेर पडतं तिथल्या पट्टीवरही एकशेअडतीसच. म्हणजे तेल आत जात होतं आणि जसंच्या तसं बाहेर येत होतं. कूलर काहीच करत नव्हता.

आणि कूलर केला होता रेडिएटरवाल्यानं.

हा माणूस मागच्या गल्लीत राहायचा. पन्नाशीचा, हळू आवाजात बोलणारा, बोटांवर डागणीचे जुने चट्टे असलेला. हंगामापूर्वी त्यानं मापानं हा नवा कूलर बनवून दिला होता. पण तो पिवळ्या गाडीवाल्यांचंही काम करायचा, आणि पिवळी गाडी म्हणजे धाकट्याची शर्यतीतली नेहमीची डोकेदुखी. शिवाय दुसऱ्या शर्यतीनंतरच्या मंगळवारी, ताई कारखान्यात असताना, तो शेडमध्ये येऊन गेला होता. किल्ली धाकट्यानं दिली होती. त्यानंतरच तेल तापायला लागलं. ताईच्या डोक्यात एकेक दुवा टक्‌टक् करत जुळत गेला.

शनिवारी दुपारी तिनं त्याला बोलावून घेतलं. धाकटा तिथेच होता, गाडीला टेकून नखानं रंगाचा पोपडा काढत उभा. कूलर काढून बाकावर ठेवलेला.

"ह्या पट्ट्या बघा," ताई म्हणाली. "आत जाताना एकशेअडतीस, बाहेर येताना एकशेअडतीस. तुमचा कूलर शोभेचा आहे का?"

रेडिएटरवाल्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ बघितलं. "ताई, हा आतून तुंबला असता तर बाहेरची नळी गार राहिली असती. तेलच पोचलं नसतं तिथवर. दोन्हीकडे सारखं तापलंय, म्हणजे तेल फिरतंय. वारा फिरत नाहीये."

"ताशी दोनशेनं गाडी पळते आणि वारा फिरत नाही? कूलरकडे वारा नेणारं तोंड मी रोज बघते. उघडं आहे, स्वच्छ आहे."

"मी बघितलेलं नाही, पण..."

"त्या मंगळवारी मी नसताना तुम्ही इथे काय करत होतात?"

प्रश्नाची दिशा त्याला आता कळली. "रबराचे वॉशर बदलले. कूलर हादरू नये म्हणून. भावाला सांगितलं होतं."

"आणि पिवळ्या गाडीवाल्यांना काय सांगितलंत?"

धाकटा एकदम म्हणाला, "ताई, जाऊ दे ना. मी पाणी आणतो," आणि बाहेर गेला.

रेडिएटरवाल्याची नजर बाकावर गेली. कूलरच्या शेजारी करवत काढून ठेवलेली होती, नवं पातं लावून. म्हणजे तो येण्याआधीच ठरलेलं होतं. "कापून बघा मग," तो म्हणाला. "माझ्यासमोर कापा."

तिनं कापला. वीस मिनिटं लागली, कारण काम मजबूत होतं. दोन भाग वेगळे झाले तेव्हा आतल्या नळ्या नव्या ताटासारख्या लखलखीत होत्या. कचरा नाही, डागणीचा थेंब नाही, काही नाही. ताईनं विजेरी लावून एकेका नळीतून आरपार बघितलं. प्रत्येकीतून पलीकडची भिंत दिसली.

"डागल्यावर तीनदा धुतो मी," रेडिएटरवाला म्हणाला. फडक्याला हात पुसले आणि निघून गेला. दार त्यानं हळूच लावलं. आपटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला लाज वाटली नाही. तिच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच, की मग कोण?

रविवारी शर्यत नव्हती. तिनं इंजिन उघडलं. बेअरिंगांच्या वाट्या काढून उजेडात धरल्या. वरची करडी झिलई खरवडली गेली होती आणि खालचं तांबं लालसर डोकावत होतं. आणखी एखादी शर्यत आणि दांडा अडकला असता. दोनशेच्या वेगात मागची चाकं जागच्या जागी थांबतात तेव्हा गाडीचं आणि आतल्या माणसाचं काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती वाट्या मांडीवर घेऊन बसून राहिली.

मग तिनं फेऱ्यांच्या वेळांची वही काढली. ही वही भावजयीची. धाकट्याची बायको दर शर्यतीला भिंतीशी उभी राहून घड्याळ लावायची आणि प्रत्येक फेरीची वेळ टिपून ठेवायची. ताईनं आजवर त्या वहीत फक्त वेळा बघितल्या होत्या. आता तिनं वेळांशेजारी तेलाचे आकडे मांडले. सरावाच्या फेऱ्या, एक मिनिट चार पूर्णांक सहा सेकंद, तेल एकशेबारा. शर्यतीच्या फेऱ्या, एक मिनिट चार पूर्णांक एक, तेल एकशेचाळीसच्या आसपास. जेव्हा जेव्हा गाडी जोरात पळाली होती, तेव्हा तेव्हाच तेल तापलं होतं. आणि त्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात भावजयीनं बारीक अक्षरात एक "ट" काढला होता.

ताई आजवर समजत होती, ट म्हणजे टायर. पण टायर कधी बदलले याची नोंद तिची स्वतःची होती, आणि त्या दिवसांत एकदाही ते बदललेले नव्हते.

ती उठली, गाडीच्या डाव्या कुशीला कूलरकडे वारा नेणारं जे तोंड होतं तिथे गेली, आणि या वेळी आत न बघता कडेवरून बोट फिरवलं. बोट चिकटलं. चारही कडांना डिंकाचा पुसट पट्टा होता, त्यावर धूळ बसलेली.

भावजय गच्चीत कपडे वाळत घालत होती. ताईनं वही तिच्यासमोर धरली आणि आवाज न चढवता विचारलं, "हा ट कशाचा गं?"

भावजयीच्या हातातला चिमटा खाली पडला. तिनं तो उचलला नाही. "टेपचा," ती म्हणाली, आणि मग धरण फुटावं तसं सगळं बाहेर आलं. सुरुवातीच्या रांगेत चालकाबरोबर एकाच माणसाला सोडतात, तिथे ती जायची. धाकट्यानं सांगितलं तशी पारदर्शक टेप त्या तोंडावर लावायची. शर्यत संपली की गाड्या कुंपणात उभ्या राहतात, तिथेही पाण्याची बाटली घेऊन तीच आधी पोचायची आणि टेप ओढून काढायची. "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ताईंना सांगा म्हणून. तर म्हणाले, तिला सांगितलं की संपलंच. काल तुम्ही त्या माणसाचा कूलर कापला, हे मला ह्यांनी आज सकाळी सांगितलं. रात्री जेवले नव्हते, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी झालंय."

नवल म्हणजे ताईला तिचा राग आला नाही. वहीत ट काढणारी बाई लपवत असते की सांगायचा प्रयत्न करत असते, हे तिला नक्की ठरवता येईना.

धाकटा संध्याकाळी शेडमध्ये आला तेव्हा बाकावर वाट्या मांडलेल्या होत्या.

"टेप लावायला तुला कुणी शिकवलं?" ताईनं विचारलं.

तो वाट्यांकडे बघत राहिला. "तूच. गारठ्यात तेल लवकर तापावं म्हणून लावायची, आणि शर्यतीआधी काढायची. एकदा सरावात काढायची राहिली. लांब सरळ रस्त्यावर गाडी अशी सुटली ताई, की मला वाटलं इंजिन बदललं कुणी. तोंड बंद असलं की वाऱ्याची अडचणच होत नाही. अर्धा सेकंद! अर्ध्या सेकंदासाठी लोक काय काय करतात."

"मग मला सांगायचं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते!"

"बघ," तो म्हणाला. मग त्यालाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

"मी त्या माणसासमोर करवत चालवत होते. तेव्हा तरी तोंड उघडायचं."

"मला वाटलं, खरंच काहीतरी निघेल आतून," तो म्हणाला. "निघावं असं वाटत होतं. म्हणून बाहेर गेलो."

ताईनं त्याचा हात धरून बोट वाटीवर ठेवलं. "हे तांबं आहे. हे दिसायला नको होतं. ह्याच्यानंतर काही नसतं, नुसता दांडा असतो." तिनं आणखी काही ऐकवलं नाही. ऐकवायचं बरंच होतं, पण आधी तिला दुसरीकडे जायचं होतं.

रेडिएटरवाल्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ताई कापलेल्या कूलरचे दोन्ही तुकडे घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली. तो एका ट्रकचा रेडिएटर डागत होता, त्यानं ज्योत बंद केली नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. तिच्या तोंडी हे शब्द इतके नवे होते की तिलाच ते दुसऱ्या कुणाचे वाटले. "तुम्ही वाऱ्याचं सांगितलं ते माझ्याच पट्ट्यांवर लिहिलेलं होतं. मला वाचायचं नव्हतं."

त्यानं शिवण पुरी केली, मग ज्योत विझवली. "कोण निघालं शेवटी?"

"भाऊ."

"वाटलंच होतं. पाणी आणायला गेला तो परत आलाच नाही."

नजर ठेवण्याचा बावीस वर्षं पगार घेणाऱ्या बाईच्या हे लक्षात आलं नव्हतं. तिचे कान तापले.

"तुमच्यासाठी आता काही करायचं नाही असं ठरवलं होतं मी," तो म्हणाला. "अजूनही नक्की नाही. भावाला पाठवा. त्याच्या तोंडून ऐकू दे मला."

धाकटा दुसऱ्या दिवशी बेकरीच्या गाडीसकट गेला. आत काय बोलणं झालं हे ताईला कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही, जरी गल्लीच्या टोकाशी ती अर्धा तास उभी होती. दोघं बाहेर आले तेव्हा रेडिएटरवाल्याच्या हातात पुठ्ठा आणि कात्री होती.

"पोरगा खोटा आहे, पण अर्धा सेकंद खरा आहे," तो ताईला म्हणाला. त्याचं म्हणणं असं होतं की मूळचं तोंडच फार मोठं होतं. जेवढा वारा ते गिळायचं तेवढा कूलरमधून जायचाच नाही, उरलेला बाहेर सांडून गाडीला मागे ओढायचा. तोंड लहान करायचं, आतली वाट कूलरपर्यंत हळूहळू रुंदावत न्यायची, कडेनं कुठे फट ठेवायची नाही, आणि तापलेल्या वाऱ्याला मागून पळायला नीट रस्ता द्यायचा.

ताईनं पुठ्ठ्यातल्या भोकाकडे बघितलं. तळहाताएवढं. "एवढ्यातून पुरेल?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. धागे लावा, वारा कुठे जातो ते दिसेल."

तीन आठवडे गेले. रेडिएटरवाल्यानं नवा कूलर करून दिला, पुठ्ठ्याचं पत्र्यात रूपांतर झालं, ताईनं नव्या वाट्या बसवल्या. सरावाच्या दिवशी तिनं वाटेच्या आत आणि मागच्या तोंडापाशी लोकरीच्या धाग्यांचे तुकडे चिकटवले आणि भावजयीचा फोन चित्रीकरणासाठी चौकटीला बांधला. आधी सगळे धागे वेड्यासारखे गोल फिरत होते. रेडिएटरवाल्यानं मागची कड बोटभर वाकवली. पुढच्या फेरीत धागे एका दिशेला शांत पडून राहिले, नदीतल्या शेवाळासारखे. पट्ट्यांवर आत एकशेचौदा, बाहेर ब्याण्णव. वेळ एक मिनिट चार पूर्णांक दोन.

"सेकंदाचा दहावा हिस्सा कमी पडला," धाकटा म्हणाला. मग ताईचा चेहरा बघून, "चालेल," म्हणाला.

शर्यतीच्या सकाळी तो तिला म्हणाला, "रांगेत आज तूच चल माझ्याबरोबर. बघ हवं तर." तिला जायचं होतं. पाय अक्षरशः उचलला होता तिनं. पण बाजूला भावजय पाण्याची बाटली हातात घेऊन उभी होती. "नको," ताई म्हणाली, "तीच जाते ना नेहमी," आणि सबंध शर्यतभर भिंतीशी मुठी आवळून उभी राहिली. मधेच एकदा तिनं रेडिएटरवाल्याकडे बघितलं. तो दोन हात अंतर ठेवून उभा होता. पुढेही तो कामाला यायचा, पण तेवढं अंतर त्यानं कधी कमी केलं नाही, आणि करा असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही हे ती ओळखून होती.

धाकटा पाचवा आला. लाल काटा एकशेपंधरावर थांबला होता. ताईनं तो दोनदा बघितला, मग भावाकडे बघितलं, पण काही विचारलं नाही.

धाकट्यानं हेल्मेट काढलं, घाम पुसला. "तेराव्या फेरीत वळणावर माझा गिअर चुकला," तो आपणहून म्हणाला. "तिसरा टाकायचा तर दुसरा पडला. इंजिनाचे फेरे फार वर गेले, क्षणभरच. कुणाला कळलं नसतं. सांगून ठेवतो."

"बरं झालं सांगितलंस," ताई म्हणाली, आणि वहीत तेराव्या फेरीपुढे तसं लिहिलं.

सोमवारी कारखान्यातून आल्या आल्या तिनं इंजिन उघडलंच. क्षणभरच म्हणजे नेमकं किती, ते तिला बघायचं होतं.